ओ-लाईन कोच म्हणून पोट भरतं का?

विचारणाऱ्याची परिस्थिती आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. अमेरिकेत ओहायोतल्या एका डिव्हिजन थ्री (कॉलेज खेळांची तिसरी पातळी) कॉलेजात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला मराठी मुलगा. जन्म इथलाच, त्यामुळे व्हिसाची भानगड नाही. चार वर्षं अमेरिकन फुटबॉलमध्ये लेफ्ट गार्ड खेळला, आता खेळणं संपलं. हातात एका कंपनीची नोकरी आहे, आणि दुसरीकडे एका डिव्हिजन टू कॉलेजाने विचारलंय की ऑफेन्सिव्ह लाईनसाठी (म्हणजे ओ-लाईनसाठी) ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे मास्टर्स करता करता कोचला मदत करणारा, म्हणून येतोस का. वडील म्हणतात, हा छंद झाला, करिअर नव्हे. त्याचा प्रश्न असा की ओ-लाईन कोच होऊन एनएफएलपर्यंत, म्हणजे व्यावसायिक लीगपर्यंत, पोचायला किती वर्षं लागतात आणि तोवर पोट कसं भरायचं.

मी सांगलीकडचा. शाळेत असताना आईवडिलांबरोबर इकडे आलो, गार्ड खेळलो आणि तेव्हापासून ओ-लाईनच शिकवतोय. सुरुवात हायस्कुलात, मग डिव्हिजन टू कॉलेजात, आणि आता स्वतः ठरवून पुन्हा हायस्कुलात. वयाने बराच मोठा आहे, म्हणून सरळ अरे-तुरे करतो.

एनएफएलला किती वर्षं, याचं उत्तर कोणीच देऊ शकत नाही. 32 संघ, प्रत्येकाकडे एक ओ-लाईन कोच आणि बहुतेकांकडे त्याचा एक सहायक. सगळ्या देशात मिळून साठ-सत्तर खुर्च्या, आणि त्या सहजी रिकाम्या होत नाहीत. तुझ्या प्रश्नाच्या पोटात दुसराच प्रश्न दडलाय असं मला वाटतं. या धंद्यात तुझी नोकरी तू किती चांगलं शिकवतोस यावर जेवढी टिकते, त्याहून जास्त हेड कोचच्या हार-जितीवर टिकते. अशा धंद्यात तू, आणि उद्या तुझी बायकामुलं, दहा-बारा वर्षं काढू शकाल का? आणि त्या वर्षांत रोज जे काम करावं लागतं, ते तुला खरंच आवडतं का? या दोन प्रश्नांची उत्तरं असतील तर बाकीचं ठरवणं सोपं आहे.

ज्यांना हा खेळ फारसा माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. आक्रमण करणाऱ्या अकरा जणांत पुढच्या रांगेत पाच जण असतात: मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. जर्सीचे क्रमांक 50 ते 79. फॉरवर्ड पास झेलण्याची त्यांना एरवी परवानगी नसते. चेंडू घेऊन पळणाऱ्या रनिंग बॅकला वाट करून द्यायची आणि पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकपर्यंत कोणाला पोचू द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम. टीव्हीवर त्यांचं नाव ऐकू येतं ते बहुधा होल्डिंगचा, म्हणजे समोरच्याला धरून ठेवल्याचा, पिवळा रुमाल पडून संघ दहा यार्ड मागे गेल्यावर. कबड्डीत साखळीतल्या दोघांपैकी एकाने घाई केली की चढाईपटू मधून निसटतो, हे आपल्याकडच्या कोणालाही सांगावं लागत नाही. इथे ती साखळी पाच जणांची आहे, आणि दर स्नॅपला, म्हणजे सेंटरने चेंडू मागे देऊन डाव सुरू केला की, ती नव्याने बांधावी लागते. म्हणून बाकीच्या कोचांपेक्षा ओ-लाईन कोचचं काम थोडं वेगळं. त्याला पाच चांगले खेळाडू मिळून भागत नाही, त्या पाच जणांना एकाच वेळी एकच गोष्ट दिसावी लागते.

आता रोजचं काम. तू गार्ड खेळलायस म्हणून तुझ्याच जागेवरचं उदाहरण घेतो. इनसाइड झोन (चेंडू मधून पळवण्याची एक चाल), डावीकडे डबल टीम. लेफ्ट गार्ड आणि लेफ्ट टॅकल मिळून समोरच्या डिफेन्सिव्ह टॅकलला मागे रेटतात, आणि दोघांपैकी एकाने पुढे सुटून त्याच्या मागे उभ्या बचावपटूला, लाईनबॅकरला, घ्यायचं असतं. कोणी सुटायचं ते आधी ठरलेलं नसतं, लाईनबॅकर कुठल्या बाजूने येतो त्यावर ठरतं. खेळताना तू हे शेकडो वेळा केलं असशील. आता ते 18 वर्षांच्या अशा मुलाला शिकवून बघ, ज्याने हायस्कुलात केवळ अंगाने मोठा म्हणून सगळ्यांना लोळवलं आहे. त्याला लाईनबॅकर दिसला की तो लगेच सुटतो, आणि ज्याला रेटायचं तो डिफेन्सिव्ह टॅकल दोघांच्या मधून घुसून खेळच मोडतो. मी सांगतो की कंबरेला कंबर चिकटलेली ठेव, नजर लाईनबॅकरवर ठेव, पण तो हाताच्या अंतरात येईपर्यंत सोडू नकोस. हे त्याला पटतं, तो मान डोलावतो, आणि पुढच्या स्नॅपला पुन्हा लवकर सुटतो.

अशा वेळी बहुतेक नवे कोच आवाज चढवतात. मी पायांकडे बघतो. पहिलं पाऊल जेमतेम सहा इंचांचं हवं, आणि दुसरं पाऊल टक्कर व्हायच्या आत जमिनीवर टेकलेलं हवं. एक पाय हवेत असताना टक्कर झाली तर तीनशे पौंडांचा मुलगाही मागे जातो. मागे गेला की त्याचा तोल सांभाळण्यात वेळ जातो, आणि तो सुटण्याची घाई करतो कारण त्याला तिथे टिकताच येत नसतं. म्हणजे डोळ्यांची वाटणारी चूक खरं तर पायांची होती. त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी कोणीही समोर न ठेवता नुसती दोन पावलं टाकायला लावतो. पट्टीवर, म्हणजे जमिनीवर ठेवलेल्या लांब फळीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून, वर लोखंडी शूट (बुटका सांगाडा) असताना, म्हणजे कंबर वर उठायलाच नको. काही मुलांना हे एका आठवड्यात बसतं, काहींना दोन सीझन लागतात. ज्याला ते दोन सीझन कंटाळवाणे वाटतील त्याने हे काम घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

यात वेळ किती कमी मिळतो तेही बघ. एनसीएए या कॉलेज खेळांच्या संस्थेच्या नियमाने सीझनमध्ये खेळाडूंकडून आठवड्याला 20 तासांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, आणि त्यात मीटिंग, वजनं उचलणं, सराव, सगळं आलं. त्यातून फक्त ओ-लाईनच्या वाट्याला रोज दहा-पंधरा मिनिटांचा सुटा सराव येतो. एनएफएलमध्ये तर खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या 2011 च्या करारापासून पूर्ण सीझनमध्ये पॅड घालून फक्त 14 सराव करता येतात. पॅड न घालता पाऊल शिकवता येतं, पण समोरच्याचं वजन अंगावर घ्यायला शिकवता येत नाही. म्हणून वर गेलो की शिकवायला जास्त मिळेल, हा समज मनातून काढून टाक. शिकवण्याचं सगळ्यात जास्त समाधान खालच्या पातळ्यांवर मिळतं, आणि हे मी निवृत्त लोकांकडून ऐकून सांगत नाही, हायस्कूल आणि कॉलेज दोन्हीकडे काम करून सांगतोय.

उरलेला वेळ जातो फिल्मवर. एका सामन्यात आपले साधारण 65-70 स्नॅप असतात. पाच मुलं, म्हणजे सव्वातीनशे-साडेतीनशे वेगवेगळे निवाडे. प्रत्येक स्नॅप पाच वेळा बघायचा, दर वेळी एकाच मुलाकडे. प्रत्येकाला तीन गोष्टींचे गुण: योग्य माणसाला घेतलं का, घेतलं ते तंत्राने घेतलं का, आणि शिट्टी होईपर्यंत झटला का. हे रविवारी संपवायचं, कारण सोमवारी मुलांसमोर बसायचं असतं. लाईनमनला त्याच्या कामाचा दुसरा कुठलाही आकडा मिळत नाही. रनिंग बॅकला यार्ड मिळतात, पास झेलणाऱ्या रिसीव्हरला कॅच मिळतात, याला फक्त तू दिलेले गुण मिळतात. म्हणून ते घाईघाईत दिलेले चालत नाहीत. तू असिस्टंट म्हणून गेलास तर हे काम पहिल्या आठवड्यापासून तुझ्या गळ्यात पडेल. तीच तुझी परीक्षा समज. त्या रात्री चौथ्या तासालाही तुला राइट टॅकलच्या मागच्या पायात काय चुकतंय याचं कुतूहल असेल तर तू या कामासाठी आहेस.

आता करिअर प्रत्यक्षात कशी घडतात ते बघू. चार-पाच नावं मुद्दाम घेतो, कारण प्रत्येकाची वाट वेगळी आहे.

अँडी रीड यांनी कॅन्सस सिटी चीफ्सना तीन सुपर बोल, म्हणजे एनएफएलचे अंतिम सामने, जिंकून दिले, हे सगळ्यांना माहीत आहे. 1983 ते 1985 ते सॅन फ्रान्सिस्को स्टेट या छोट्या कॉलेजात ओ-लाईन शिकवत होते, हे फार कोणाला माहीत नसतं. त्या कॉलेजाने 1995 मध्ये फुटबॉल संघच बंद केला. तिथून नॉर्दर्न ॲरिझोना, मग टेक्सास-एल पासो, मग मिझुरी, आणि 1992 मध्ये ग्रीन बे पॅकर्स. पहिल्या पूर्ण वेळ नोकरीपासून एनएफएलपर्यंत नऊ वर्षं, चार कॉलेजं, चार राज्यं. आणि हा झपाट्याने वर गेलेल्या माणसाचा हिशेब आहे.

कर्क फेरेन्ट्झ लाईनमन नव्हतेच, कनेक्टिकटला ते लाईनबॅकर होते. 1980 मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठात ते ग्रॅज्युएट असिस्टंट झाले, जो मूर यांच्या हाताखाली. मूर हे हायस्कुलातले त्यांचे कोच. दुसऱ्याच वर्षी, पंचविशीत, ते आयोवा विद्यापीठाचे ओ-लाईन कोच झाले. पुढे एनएफएलमध्ये जाऊन आले, आणि 1999 पासून आयोवाचे हेड कोच. जो मूर यांच्या नावाने 2015 पासून कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम ओ-लाईनला पुरस्कार देतात. तो एका खेळाडूला मिळत नाही, अख्ख्या लाईनला मिळतो, आणि हे मला फार योग्य वाटतं. तुझ्यासाठी यात घेण्यासारखं हे की फेरेन्ट्झना ही संधी मिळाली ती त्यांना हायस्कुलापासून ओळखणाऱ्या शिक्षकामुळे, आणि त्यांनी एक वर्ष ज्याच्याजवळ बसून काढलं तो माणूस या विद्येतला दादा होता. त्या वर्षात किती पैसे मिळाले याने काही ठरलं नाही.

जेफ स्टाउटलँडना तेव्हाचे हेड कोच चिप केली यांनी 2013 मध्ये फिलाडेल्फिया ईगल्समध्ये आणलं. केली गेले, डग पीडरसन आले. पीडरसन गेले, निक सिरियानी आले. दर वेळी जुने सहायक बहुतेक बदलले, स्टाउटलँड राहिले. का राहिले याचं उत्तर जॉर्डन मायलाटामध्ये आहे. सहा फूट आठ इंचांचा हा ऑस्ट्रेलियन मुलगा रग्बी लीग खेळायचा, अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. ईगल्सनी 2018 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, त्याला शेवटच्या फेरीत, 233 वा, निवडलं. पहिली दोन वर्षं तो सीझनच्या एकाही सामन्यात उतरला नाही, नुसता शिकत होता. 2020 मध्ये लेफ्ट टॅकल झाला, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये सुपर बोल जिंकणाऱ्या संघाचा लेफ्ट टॅकल होता. शून्यातून माणूस उभा करून दाखवणारा कोच नवीन हेड कोचलाही हवाच असतो. नोकरी टिकवण्याचा याहून चांगला उपाय मला ठाऊक नाही, आणि हाही दर वेळी लागू पडतो असं मी म्हणणार नाही.

दान्ते स्कार्नेकिया 1982 मध्ये न्यू इंग्लंड पॅट्रियट्समध्ये आले. तिथे त्यांनी स्पेशल टीम्स (चेंडूला लाथ मारण्याच्या वेळचे गट) शिकवल्या, टाइट एंड (लाईनच्या टोकाचा, पासही झेलणारा खेळाडू) शिकवले, आणि त्या संघात ओ-लाईन त्यांच्याकडे सोपवली गेली 1999 मध्ये. 2013 च्या सीझननंतर ते निवृत्त झाले. दोन वर्षांत लाईनची अशी अवस्था झाली की क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी मार खाऊन खाऊन हैराण झाले, आणि 2016 साठी स्कार्नेकियांना घरून बोलावून आणलं. त्या सीझनला पॅट्रियट्स सुपर बोल जिंकले. म्हणजे सुरुवातीला ओ-लाईन न मिळता टाइट एंड किंवा स्पेशल टीम्स मिळाल्या तरी नाक मुरडू नकोस.

आणि जो ब्युगल. 1980 च्या दशकातल्या वॉशिंग्टनच्या 'हॉग्ज'चे, म्हणजे तिथल्या गाजलेल्या ओ-लाईनचे, कोच. जो जेकबीसारख्या, ड्राफ्टमध्ये कोणीच न निवडलेल्या मुलाला त्यांनी घडवलं. त्या जोरावर 1990 मध्ये ते फीनिक्सच्या कार्डिनल्स संघाचे हेड कोच झाले, आणि चार सीझनमध्ये 20 विजय, 44 पराभव. पुढे रेडर्सचे हेड कोच एकच वर्ष. मग 2004 मध्ये ते पुन्हा वॉशिंग्टनला येऊन लाईनच शिकवू लागले. मला त्यांची ही परतीची वाट फार मोलाची वाटते. ओ-लाईन कोचचं हेड कोच होणं ही पुढची इयत्ता नाही, ते वेगळंच काम आहे. आजकाल हेड कोच शोधताना संघ आधी क्वार्टरबॅक आणि पासिंगवाल्यांकडे बघतात. ओ-लाईनवाल्याला बहुधा 'रन गेम कोऑर्डिनेटर' ही पदवी मिळते आणि तिथेच शिडी संपते. ती संपलेली चालणार असेल तरच या खोलीत ये.

पैशाचं सांगतो. इथे खूप काही परिस्थितीवर अवलंबून आहे, म्हणून ठाम आकडे देत नाही. ग्रॅज्युएट असिस्टंटला साधारणपणे मास्टर्सची फी माफ होते आणि वर थोडका भत्ता मिळतो. त्या भत्त्यावर एकटा मुलगा दोन वर्षं काढू शकतो, संसार होत नाही. छोट्या कॉलेजात पूर्ण वेळ पोझिशन कोच (एकाच जागेच्या खेळाडूंचा कोच) झालास तरी पहिली काही वर्षं तुझे इंजिनिअर मित्र तुझ्या कितीतरी पट कमावतील. एनएफएल आणि मोठ्या विद्यापीठांतले पगार ऐकून भुलू नकोस, तिथे पोचणारे मोजके. शिवाय बहुतेक करार वर्षा-दोन वर्षांचे. हेड कोचला काढलं की सगळा स्टाफ एका दिवसात बेकार होतो. हे डिसेंबरात घडतं, जानेवारीत अमेरिकन फुटबॉल कोचेस असोसिएशनच्या अधिवेशनात सगळे हातात बायोडेटा घेऊन फिरतात, आणि फेब्रुवारीत बिऱ्हाड दुसऱ्या राज्यात. मुलांची शाळा वर्षाच्या मधेच बदलते, बायकोची नोकरी सुटते, आरोग्य विम्याचे दोन महिने अधांतरी जातात. माझ्याही वाट्याला हे आलं. आमची लाईन त्या वर्षी चांगली खेळली होती, संघ हरत होता, आणि ज्या दिवशी हेड कोच गेले त्याच दिवशी आम्हा सगळ्यांनाही निरोप मिळाला. त्यात अन्याय झाला असं मला आजही वाटत नाही, कारण या धंद्याची बोलीच तशी असते. पण ही बोली लग्नाआधी जोडीदाराला सांगायला हवी.

दुसरी वाट हायस्कूलची. ती कमीपणाची अजिबात नाही. टेक्सासमध्ये पब्लिक शाळेचा फुटबॉल कोच हा सहसा त्याच स्कूल डिस्ट्रिक्टचा पूर्ण वेळ नोकर असतो, बहुतेक वेळा शिक्षक, आणि कोचिंगचे पैसे पगारावर वेगळे. ओहायोत शिक्षकांची स्वतंत्र निवृत्तिवेतन योजना आहे. संघ हरला तर कोचिंग जाईल, गणिताचा वर्ग जात नाही. तुझ्याकडे इंजिनिअरिंगची पदवी आहे, आणि गणित-विज्ञानाच्या शिक्षकांची अनेक राज्यांत चणचण आहे. शिक्षकाचा परवाना मिळवायच्या पर्यायी वाटाही बऱ्याच राज्यांत आहेत. तुझ्या वडिलांना पटेल असं उत्तर कदाचित इथेच आहे. कोचिंग हा छंद आहे असं त्यांना वाटतं, कारण त्यांना त्यामागे बूड दिसत नाही. परवाना हे बूड आहे.

मग तू काय करावंस? माझं मत सांगतो. डिव्हिजन टूची विचारणा घे, पण आधी तिथल्या ओ-लाईन कोचशी, हेड कोचशी नव्हे, तासभर बोल. मला रोज सरावात स्वतःचा गट शिकवायला मिळेल का, निदान दुसऱ्या फळीचे पाच जण? की मी फक्त विरोधी संघाच्या चालींची कार्डं रंगवणार आणि विमानतळावरून रिक्रूट, म्हणजे संघात घ्यायची मुलं, आणणार? फी पूर्ण माफ की अर्धी? आणि हेड कोच बदलले तर माझी फी माफी कोणाच्या हातात, विभागाच्या की नव्या माणसाच्या? हा शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि त्याच्यामुळे अनेकांचं मास्टर्स अर्धवट राहतं. मास्टर्स करायचंच तर शिक्षकाचा परवाना मिळेल अशा विषयात कर. 'स्पोर्ट मॅनेजमेंट' मुळात वाईट नाही, पण तुझ्या परिस्थितीत ते बूड देत नाही.

त्या कोचने पहिल्या दहा मिनिटांत तुला एखादा ब्लॉक उभं राहून करून दाखवला, किंवा फिल्म लावून तुला काय दिसतंय ते विचारलं, तर डोळे मिटून जा. तो फक्त स्वतःच्या ओळखी आणि कुठे कुठे काम केलं ते सांगत बसला, तर कंपनीची नोकरी पत्कर आणि संध्याकाळी जवळच्या हायस्कुलात ओ-लाईनला मदत करायला जा. बरेच चांगले कोच तिथूनच निघालेत. संघाच्या हेल्मेटवर कुठलं चिन्ह आहे याला पहिल्या नोकरीत मी अजिबात किंमत देत नाही.

नियमांबद्दल एक गोष्ट, कारण ती करिअरशी जोडलेली आहे. 1978 मध्ये एनएफएलने पास ब्लॉकिंग करताना हात पूर्ण लांबवायला आणि पंजे उघडे ठेवायला मुभा दिली. त्याआधी हात छातीशी धरून कोपरांनी ब्लॉक करायचे. आज आपण हातांच्या पंचबद्दल, म्हणजे ठोशाबद्दल, जे तासन् तास बोलतो ते सगळं त्या एका बदलातून आलं, आणि ज्या जुन्या कोचांनी नव्याने शिकायला नकार दिला ते मागे पडले. आज दुसरा फरक तुला भेटेल: पास टाकताना लाईनमन कॉलेजात तीन यार्डांपर्यंत पुढे जाऊ शकतो, एनएफएलमध्ये एकच यार्ड. रन-पास ऑप्शनवर, म्हणजे पळायचं की पास टाकायचा हे ऐन वेळी ठरवण्याच्या चालींवर, वाढलेला कॉलेजचा गार्ड वर गेला की याच जागी पकडला जातो. म्हणजे कॉलेजात पढवलेलं सगळं वर चालत नाही, आणि कोचलाही पातळी बदलली की स्वतःचं पाठांतर तपासावं लागतं.

आणि ही गोष्ट मी माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक तरुण कोचला पहिल्याच दिवशी सांगतो. तुझ्या खोलीतली मुलं मैदानातली सगळ्यात जड मुलं असतात, आणि ऑगस्टचं ऊन त्यांनाच सगळ्यात आधी धरतं. मिनेसोटा व्हायकिंग्जचा टॅकल कोरी स्ट्रिंगर 1 ऑगस्ट 2001 रोजी सराव शिबिरातल्या उष्माघाताने गेला. 27 वर्षांचा, एनएफएलमधला प्रस्थापित खेळाडू. त्याच्या नावाने कनेक्टिकट विद्यापीठात आज संस्था आहे आणि तिचं सांगणं साधं आहे: उष्माघातात आधी बर्फाच्या पाण्यात बुडवून शरीर थंड करा, दवाखान्यात नेणं त्यानंतर. तू ज्या मैदानावर पाऊल ठेवशील तिथे पाण्याने भरलेलं टब आहे का ते सरावाआधी स्वतःच्या डोळ्यांनी बघ. ट्रेनर आहेत, ते बघतील, असं म्हणू नकोस. डोक्याच्या बाबतीतही तसंच. ब्लॉक हातांनी आणि कंबरेने शिकवायचा, कपाळाने नाही. एनएफएलने 2022 पासून सराव शिबिरात लाईनमनच्या हेल्मेटवर मऊ गार्डियन कॅप सक्तीची केली, पण मूल डोकं घालायला शिकलं तर कुठलीही टोपी पुरी पडत नाही. ज्याला या मुलांची आईबापासारखी काळजी वाटत नाही, त्याच्या हाती ही खोली देऊ नये.

तू शेवटी सहज विचारलंयस की कधी भारतात परत जाऊन हे शिकवता येईल का. मनापासून आवडेल असं काम आहे, पण पोटापाण्याचं गणित त्यावर बांधू नकोस. 2012 मध्ये एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया सुरू झाली, पहिल्या मोसमात पुण्याचा पुणे मराठाज संघ जिंकला, आणि आपल्याकडच्या कबड्डी-कुस्तीच्या मुलांमध्ये या खेळाला लागणारं अंग आहे हे तेव्हा दिसलं. लीग मात्र रुजली नाही. आता लॉस एंजेलिसच्या 2028 च्या ऑलिंपिकमध्ये फ्लॅग फुटबॉल (अंगावर न जाता कमरेची पट्टी ओढून थांबवायचा प्रकार) आहे, त्यामुळे भारतातही उत्साह वाढेल. पण तो पाच-पाच जणांचा खेळ, आणि त्यात ब्लॉकिंगच नाही. ओ-लाईनवाल्याला तिथे जागा नाही. गेलास तर पावलं, तोल आणि फिल्म बघण्याची शिस्त शिकवायला जा, त्या सगळ्यांच्याच कामाच्या आहेत.

राहता राहिलं या महिन्यात करायचं काम. तुझ्या स्वतःच्या शेवटच्या सीझनमधले वीस स्नॅप निवड, त्यातले निदान आठ तुझे फसलेले. प्रत्येकावर दोन वाक्यं लिही: पाऊल कुठे चुकलं, आणि तू कोच असतास तर त्या मुलाला मंगळवारच्या सरावात काय करायला लावलं असतंस. ही फिल्म आणि ही टिपणं त्या डिव्हिजन टूच्या ओ-लाईन कोचला पाठव, आणि आणखी तीन-चार जणांना, ज्यांची लाईन बघून तुला कौतुक वाटलं त्यांना. बायोडेटा सगळेच पाठवतात. आणि तो फसलेला एक तरी स्नॅप रविवारी बाबांना शेजारी बसवून दाखव, तुझ्या पायाकडे बोट ठेवून. त्यांनी प्रश्न विचारले तर परवान्याचं बोलणं तेव्हाच काढ.